मुलांच्या दुपारच्या जेवणात भाजी: तंजावरची रीत

कावेरीच्या खोऱ्यातील तंजावर जिल्हा तमिळनाडूचे भाताचे कोठार म्हणून ओळखला जातो. तेथील मुलांच्या ताटात भात असतोच. परंतु त्यासोबत पुरेशी भाजी असावी आणि मुलांनी ती आवडीने खावी, हा प्रश्न तेथेही अन्य ठिकाणांइतकाच जुना आहे. ताटात वेगळी वाढलेली भाजी मुले बाजूला सारतात, हा बहुतेक घरांतील अनुभव आहे. तंजावरच्या स्वयंपाकात त्यावर एक साधा उपाय रूढ आहे. भाजी वेगळी न ठेवता ती डाळीत किंवा भातात शिजवायची, म्हणजे प्रत्येक घासाबरोबर ती पोटात जाते. तमिळनाडूच्या शाळांतील मध्यान्ह भोजनातही पुढे हीच पद्धत स्वीकारण्यात आली.

शाळेत मिळणारे दुपारचे जेवण हे अनेक गरीब मुलांचे दिवसातील सर्वांत भरीव जेवण असते. त्यातील भाजी ताटात तशीच राहिली, तर तिची भरपाई अन्य वेळी होईल याची शाश्वती नसते. त्यामुळे भाजी किती शिजवली यापेक्षा मुलांनी ती किती खाल्ली, याला अधिक महत्त्व आहे.

गरज किती, मिळते किती

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार २ ते ५ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज किमान २५० ग्रॅम, ६ ते ९ वर्षे वयाच्या मुलांनी किमान ३५० ग्रॅम आणि १० वर्षांवरील सर्वांनी किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे खाणे आवश्यक आहे. बटाट्यासारख्या पिष्टमय कंदांचा यात समावेश होत नाही.

देशातील शालेय पोषण योजनेत इयत्ता पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलासाठी दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे प्रमाण निश्चित करण्यात आले आहे. सहावी ते आठवीसाठी हे प्रमाण अनुक्रमे १५० ग्रॅम, ३० ग्रॅम, ७५ ग्रॅम आणि साडेसात ग्रॅम आहे. याचा अर्थ आठ वर्षांच्या मुलाला शाळेच्या जेवणातून दिवसाच्या गरजेच्या सुमारे एक सप्तमांश भाजी मिळते. उर्वरित भाग सकाळच्या न्याहारीतून, घरच्या जेवणातून आणि फळांतून मिळणे अपेक्षित असते.

ही गरज किती निकडीची आहे, हे रक्तक्षयाच्या आकडेवारीवरून स्पष्ट होते. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ६ ते ५९ महिने वयाच्या मुलांपैकी देशात ६७.१ टक्के, महाराष्ट्रात ६८.९ टक्के आणि तमिळनाडूत ५७.४ टक्के मुलांना रक्तक्षय असल्याचे आढळले. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात आणि केवळ भाजीने तो दूर होत नाही. तथापि, लोह, फोलिक आम्ल आणि लोहाच्या शोषणास साह्य करणारे क जीवनसत्त्व यांचा आहारातील पुरवठा बऱ्याच अंशी पालेभाज्या, डाळी आणि फळांवर अवलंबून असतो.

छत्रांपासून शाळेपर्यंत

तंजावरमध्ये मुलांना जेवण आणि शिक्षण एकत्र देण्याची कल्पना जुनी असून तिचा मराठी राजवटीशी निकटचा संबंध आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे भोसले घराण्याची सत्ता स्थापन केली. ती १८५५ पर्यंत टिकली. या राजांनी यात्रेकरूंच्या मार्गांवर छत्रे, म्हणजे अन्नछत्रासह धर्मशाळा बांधल्या. तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र हे त्यांपैकी प्रसिद्ध होय. दुसरे सरफोजी राजे यांच्या कारकिर्दीत, १९व्या शतकाच्या आरंभी ते उभारण्यात आले.

सरफोजी राजांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला पाठविलेल्या पत्रात या छत्रांच्या कामाचे वर्णन आढळते. वाटसरूंना जातीचा भेद न करता अन्न दिले जात असे. छत्रात शिक्षक आणि वैद्य नेमलेले असत. छत्रात आलेल्या परक्या लोकांची अनाथ मुले शिक्षकाच्या स्वाधीन केली जात आणि त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण मिळे. उपाशी मुलाला शिकविता येत नाही, ही जाणीव या व्यवस्थेमागे स्पष्टपणे दिसते.

आधुनिक काळात मद्रास महापालिकेने १९२० मध्ये थाउजंड लाइट्स भागातील आपल्या शाळेत मुलांना अल्पोपाहार देण्यास मान्यता दिली. त्या वेळी महापालिकेची धुरा पी. त्यागराय चेट्टी यांच्याकडे होती आणि प्रत्येक मुलामागे दररोज एका आण्याहून अधिक खर्च करू नये, असे ठरविण्यात आले होते. मुख्यमंत्री के. कामराज यांच्या कारकिर्दीत १९५६ मध्ये मद्रास राज्यातील शाळांत मध्यान्ह भोजन सुरू झाले. १ जुलै १९८२ रोजी मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी पौष्टिक भोजन योजनेला प्रारंभ केला आणि ती लवकरच राज्यभर पसरली. आरंभी ग्रामीण भागातील लहान मुलांसाठी असलेली ही योजना त्याच वर्षी शहरांत लागू झाली. १९८४ मध्ये १० ते १५ वर्षे वयोगटाचाही तिच्यात समावेश करण्यात आला.

केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाला. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्व राज्यांना कोरडे धान्य न देता शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला. २०२१ पासून हा कार्यक्रम प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने चालविण्यात येत आहे.

तमिळनाडूने त्यापुढे जाऊन सकाळच्या न्याहारीचीही व्यवस्था केली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी मदुराई येथे मुख्यमंत्री एम. के. स्टालिन यांनी पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी न्याहारी योजना सुरू केली. २५ ऑगस्ट २०२३ रोजी तिरुक्कुवळै या गावातून ती राज्यातील सर्व सरकारी प्राथमिक शाळांना लागू करण्यात आली. हे गाव १९९१ पर्यंत तंजावर जिल्ह्यात होते. आता ते नागपट्टिनम जिल्ह्यात आहे. न्याहारीत उपमा, खिचडी, पोंगल असे पदार्थ भाज्या घातलेल्या सांबारासह दिले जातात.

एकाच पदार्थाकडून विविधतेकडे

अनेक वर्षे तमिळनाडूच्या मध्यान्ह भोजनात प्रामुख्याने सांबार आणि भात दिला जात असे. रोज तोच पदार्थ असल्यास मुलांना त्याचा कंटाळा येतो. ही बाब लक्षात घेऊन मुख्यमंत्री जे. जयललिता यांच्या सरकारने २०१३ मध्ये प्रत्येक जिल्ह्यातील एका विकासखंडात विविध प्रकारच्या भातांची योजना प्रायोगिक तत्त्वावर राबविली. पुढील वर्षी ती राज्यभर लागू झाली.

या योजनेत भाज्यांची बिर्याणी, काळ्या हरभऱ्याचा पुलाव, टोमॅटो भात, सांबार भात, कढीपत्त्याचा किंवा पालेभाजीचा भात, चिंचेचा भात, लिंबू भात असे पदार्थ आलटून पालटून दिले जातात. यांपैकी बहुतेक पदार्थांत भाजी किंवा कडधान्य भाताबरोबरच शिजते. सोबत अंडे असते. अंडी १९८९ पासून पंधरवड्यातून एकदा दिली जात. हे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढत गेले आणि २०१० पासून आठवड्यातून पाच अंडी देण्यात येऊ लागली. अंडे न खाणाऱ्या मुलांना केळी दिली जातात.

प्रत्येक केंद्रात संयोजक, स्वयंपाकी आणि साहाय्यक अशा तीन पदांची रचना असते. तांदूळ व डाळ शासनाकडून येते, तर भाजी स्थानिक बाजारातून घ्यावी लागते. त्यामुळे कांदा, टोमॅटो किंवा अन्य भाज्यांचे भाव वाढले, की सर्वांत आधी झळ बसते ती भाजीच्या वाट्याला. शाळेच्या आवारातील परसबागेचे महत्त्व येथे दिसून येते. शेवगा, कढीपत्ता, पपई, भोपळा आणि पालेभाज्या यांना जागा व पाणी कमी लागते आणि भाव चढे असतानाही त्या हाताशी राहतात.

तंजावरच्या स्वयंपाकाची रीत

तंजावरच्या घरोघरच्या जेवणात भाजीचे तीन मुख्य प्रकार असतात. सांबारात तूरडाळ, चिंच आणि भाज्या एकत्र शिजतात. कूट्टु म्हणजे मूगडाळ किंवा हरभराडाळीत शिजविलेली, ओले खोबरे व जिऱ्याचे वाटण लावलेली सौम्य भाजी. पोरियल म्हणजे मोहरी व उडीदडाळीच्या फोडणीवर परतून वरून खोबरे घातलेली सुकी भाजी. यांतील पहिले दोन प्रकार लहान मुलांसाठी विशेष सोयीचे आहेत. भाजी मऊ होते, तिचा उग्र वास डाळीत मिसळून कमी होतो आणि भाताबरोबर कालवता येते.

या स्वयंपाकावर मराठी छाप आहे. चिंच, डाळ आणि खोबऱ्यात शिजविलेल्या वांग्याला तेथे रसवांगी म्हणतात. हे नाव मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. कारल्याचे पिटलै हा पदार्थ मराठी पिठल्याशी नाते सांगतो, असे मानले जाते. सांबाराचा शोध शहाजी राजांच्या मुदपाकखान्यात लागला आणि संभाजी महाराजांच्या नावावरून त्याला ते नाव पडले, अशी आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. मात्र तिला समकालीन लेखी आधार उपलब्ध नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील शरभेंद्र पाकशास्त्र हा मराठी ग्रंथ मात्र राजवाड्यातील पाककलेचा लेखी पुरावा आहे.

घरी करता येण्याजोगे चार पदार्थ

पुढील प्रमाण प्राथमिक शाळेतील चार मुलांच्या एका जेवणासाठी आहे. मसाला आणि तिखट मुलांच्या सवयीप्रमाणे कमी करावे.

सांबार भात: २०० ग्रॅम तांदूळ, १०० ग्रॅम तूरडाळ आणि बारीक चिरलेल्या ३०० ग्रॅम भाज्या घ्याव्यात. तांबडा भोपळा, गाजर, फरसबी, दुधी आणि एखादा टोमॅटो यांचे मिश्रण चांगले लागते. सव्वा ते दीड लिटर पाणी व थोडी हळद घालून हे सर्व कुकरमध्ये मऊ शिजवावे. नंतर लहान लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, दोन चमचे सांबार मसाला, मीठ आणि चिमूटभर गूळ घालून पाच ते सात मिनिटे उकळावे. शेवटी तेल किंवा तुपात मोहरी, हिंग व कढीपत्त्याची फोडणी द्यावी. या प्रमाणात प्रत्येक मुलाला सुमारे ७५ ग्रॅम भाजी मिळते. शेवग्याच्या शेंगा घालायच्या असल्यास त्या वेगळ्या शिजवून आतील गर चमच्याने काढून घ्यावा, म्हणजे लहान मुलांच्या घशात चोथा अडकत नाही.

पडवळाचे किंवा दुधीचे कूट्टु: ७५ ग्रॅम मूगडाळ किंचित भाजून ३०० ग्रॅम चिरलेल्या भाजीसह शिजवावी. चार चमचे ओले खोबरे, एक चमचा जिरे आणि अर्धी हिरवी मिरची यांचे वाटण घालून एक उकळी काढावी. यात चिंच घालत नाहीत. कोबी, तांबडा भोपळा किंवा चवळीच्या शेंगा वापरूनही हा पदार्थ होतो आणि तो पोळीबरोबरही खाता येतो.

पालेभाजीचा भात: शेवग्याचा पाला, राजगिरा किंवा पालक यांची एक मोठी जुडी निवडून तीन वेळा पाण्यातून काढावी. १०० ग्रॅम मूगडाळ मऊ शिजवून घ्यावी. तेलात जिरे व लसूण परतून त्यावर चिरलेला पाला घालावा आणि तो मऊ होईपर्यंतच शिजवावा. शेवग्याचा पाला असल्यास शिजण्यास थोडा अधिक वेळ लागतो. मग रवीने घोटून डाळीत मिसळावा आणि गरम भाताशी कालवावा. वरून तूप व वाढताना लिंबू द्यावे.

लिंबू भात आणि सुंडल: शिजवून निवविलेल्या भातावर मोहरी, हरभराडाळ, शेंगदाणे व हळदीची फोडणी घालावी. किसलेले गाजर आणि बारीक चिरलेली फरसबी त्याच फोडणीत वाफवून घ्यावी. आच बंद केल्यावर लिंबाचा रस मिसळावा. सोबत भिजवून उकडलेल्या हरभऱ्याचे किंवा हिरव्या मुगाचे सुंडल द्यावे. कडधान्याला मोहरी व कढीपत्त्याची फोडणी देऊन वरून खोबरे घातले, की सुंडल तयार होते.

या पदार्थांत तेल किंवा तूप अगदी वगळू नये. भोपळा, गाजर आणि पालेभाज्यांतील कॅरोटीन शरीरात शोषले जाण्यासाठी थोडी स्निग्धता लागते. त्याचप्रमाणे लिंबू, टोमॅटो किंवा आवळा सोबत असल्यास डाळ व पालेभाजीतील लोह अधिक प्रमाणात शोषले जाते. जेवणाबरोबर चहा दिल्यास त्याच्या उलट परिणाम होतो.

डब्यासाठी दक्षता

सकाळी भरलेला डबा दुपारी उघडेपर्यंत तीन ते चार तास जातात. उष्ण हवामानात शिजलेला भात कोमट अवस्थेत दीर्घकाळ राहिल्यास त्यात जंतूंची वाढ होते आणि तो पुन्हा गरम करूनही काही विषारी घटक नष्ट होत नाहीत. म्हणून डब्याचा भात त्याच सकाळी शिजविलेला असावा. ओले खोबरे घातलेले पदार्थ लवकर विटतात. ते घरच्या जेवणासाठी ठेवावेत. डब्यासाठी चिंचेचा किंवा लिंबाचा भात अधिक सुरक्षित असतो. आंबटपणामुळे तो अधिक काळ टिकतो. प्रवासाच्या शिदोरीत दक्षिणेकडे चिंचेचा भात बांधून घेण्याची प्रथा याच कारणाने पडली आहे.

मुलांना सवय कशी लागते

दोन ते सहा वर्षे या वयात मुले अनोळखी चवीला नकार देतात. हा हट्ट नसून वाढीच्या वयातील एक सर्वसाधारण अवस्था असल्याचे आहारतज्ज्ञ मानतात. एखादी भाजी स्वीकारण्यापूर्वी मुलाने ती आठ ते दहा, कधी त्याहून अधिक वेळा चाखावी लागते. दोन-तीन वेळा नकार मिळाल्यावर ती भाजी घरात बंद करणे, ही पालकांकडून होणारी नेहमीची चूक होय.

नवी भाजी अगदी थोड्या प्रमाणात, ओळखीच्या पदार्थात मिसळून द्यावी. भाजी संपविल्यास गोड देण्याचे आमिष दाखवू नये. त्यामुळे भाजी ही शिक्षा आणि गोड हे बक्षीस, अशी मुलाची समजूत होते. भाजी नेहमीच घोटून लपविणेही योग्य नाही. मुलाला ती नावाने आणि रूपाने ओळखता आली पाहिजे. म्हणूनच सांबार भातात भोपळ्याची फोड दिसेल इतकी ठेवणे हितावह ठरते. शाळेत पंगतीत बसलेली मुले एकमेकांचे पाहून खातात आणि घरी नाकारलेली भाजी तेथे संपवितात. मोठ्यांनी मुलांसोबत बसून तेच अन्न खाल्ल्यास घरीही हा परिणाम साधता येतो.

सुरक्षित स्वयंपाकघर

मुलांचे जेवण कितीही पौष्टिक असले, तरी ते शिजते ती जागा सुरक्षित नसेल तर त्याचे मोल राहत नाही. तंजावर जिल्ह्याने याची फार मोठी किंमत मोजली आहे. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणम येथील एका खासगी शाळेत मध्यान्ह भोजन शिजविल्या जाणाऱ्या स्वयंपाकघराच्या शाकारलेल्या छपराला आग लागली आणि ती वर्गांपर्यंत पसरली. या दुर्घटनेत ९४ मुलांचा मृत्यू झाला. त्यानंतर तमिळनाडूतील शाळांची शाकारलेली छपरे काढून टाकण्याची मोहीम हाती घेण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये देशभरातील शाळांसाठी अग्निसुरक्षेचे निर्देश दिले.

त्याच तारखेला, १६ जुलै २०१३ रोजी, बिहारमधील सारण जिल्ह्यात कीटकनाशक मिसळलेल्या अन्नामुळे २३ शाळकरी मुले दगावली. वाढण्यापूर्वी प्रौढ व्यक्तीने अन्न चाखून पाहण्याच्या नियमाचे महत्त्व या घटनेने अधोरेखित झाले. स्वयंपाकघर वर्गांपासून वेगळे असणे, छप्पर ज्वलनशील नसणे, कीटकनाशके व धान्य एकत्र न ठेवणे आणि अन्न चाखून मगच वाढणे, या चार गोष्टी पालकांनी आपल्या शाळेत पाहून घेणे आवश्यक आहे.

महाराष्ट्रासाठी

महाराष्ट्रात शालेय पोषण आहार हा दीर्घकाळ खिचडीशी जोडला गेला. शासनाने २०२४ मध्ये आहारात विविधता आणण्यासाठी पंधरा पाककृती सुचविल्या. त्यांत भाज्यांचा पुलाव, मसाले भात, मूगडाळ खिचडी, मोड आलेल्या मटकीची उसळ यांच्याबरोबर मूग-शेवगा वरण-भाताचाही समावेश होता. डाळीत शिजलेला शेवगा आणि सोबत भात, हे जेवण तंजावरच्या मुलांना परके वाटणार नाही. अंबाडीची भाजी डाळ व तांदळाच्या कण्या घालून करण्याची मराठी पद्धत, भाज्यांची आमटी, मसाले भातातील तोंडली व वांगी ही त्याच विचाराची घरगुती रूपे आहेत. हाताशी असलेल्या भाजीचे हे पदार्थ आठवड्याच्या जेवणात आलटून पालटून केल्यास मुलांच्या भाजीसाठी वेगळा स्वयंपाक करण्याची गरज भासत नाही.